संक्षेप नामंजूर

थिएटरातले दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला, की पांढरीपांडे आपलं जाडजूड जॅकेट काढून डोक्यावरून घेतात. थंडी वाजते म्हणून नव्हे. त्या जॅकेटच्या आत एक नऊशे पानी कादंबरी असते, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली चिमुकली बॅटरी असते आणि दातांत पेन्सिल असते. पडद्यावर तलवारी खणखणत असतात आणि जॅकेटमधून पानं उलटल्याचा आवाज येत असतो. मधूनच जॅकेट जरा वर होतं, आतून चष्मा बाहेर येतो, पडद्याकडे रागाने बघतो आणि पुन्हा आत जातो. मी या चष्म्याच्या शेजारी बसून एक अख्खा सिनेमा पाहिलेला आहे. तिकीट माझं मी काढलं होतं, तरी दर दहा मिनिटांनी "पाहिलं? गाळलं" असं मला ऐकून घ्यावं लागलं. थिएटरची एक बाई बॅटरी बंद करा म्हणून सांगायला आली, तर तिला म्हणाले, "मॅडम, आय ॲम चेकिंग." ती बिचारी त्यांना कुठल्याशा खात्याचा माणूस समजून निघून गेली.

आम्ही दोघं अमेरिकेत शॉमबर्गला एकाच विमा कंपनीत, एकाच मजल्यावर. मी टेस्टिंगमध्ये, ते डेटाबेसमध्ये. ते नागपूरचे आणि मी पुण्याची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नाही आणि म्हणूनच बोलणं कधी थांबलं नाही. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी मला मेधाताई म्हणतात.

कुठलीही गोष्ट कापलेली, आखडलेली, आटोपलेली त्यांना खपत नाही. सुरुवात नावापासून. मॅनेजरने पहिल्याच मीटिंगमध्ये गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला नुसतं पांडे म्हटलं तर चालेल का?" हे म्हणाले, "नाही." पुढे स्पष्टीकरण नाही, हसू नाही. त्या माणसाला सहा महिने लागले, पण आता तो 'पांढरीपांडे' असं नागपूरच्या पोस्टमनइतकं स्वच्छ म्हणतो. अपार्टमेंटचं ॲग्रीमेंट सही करण्याआधी त्यांनी ऑफिसातल्या मुलीसमोर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तिची जेवणाची सुट्टी त्यात गेली. नवं सॉफ्टवेअर टाकताना 'मला मान्य आहे' असं बटण दाबण्यापूर्वी जे काही मान्य करायचं असतं ते वाचणारा पृथ्वीतलावरचा हा एकमेव माणूस असावा. एकदा कुणाच्या घरी सत्यनारायण होता. मुलं भुकेली झाली म्हणून गुरुजींनी चौथा अध्याय जरा लवकर उरकला. पांढरीपांड्यांनी घरून पोथी नेली होती. "गुरुजी, साधुवाण्याची बायको राहून गेली," असं त्यांनी भरल्या घरात सांगितलं. गुरुजींना मागे जावं लागलं, प्रसादाचा शिरा गार झाला, आणि त्या घरून यांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

"पान सांगा." हे त्यांचं लाडकं वाक्य. आपण काहीही विधान केलं की पांढरीपांडे हात पुढे करून म्हणणार, पान सांगा. त्या कादंबरीबद्दल तर हमखास. कादंबरीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उच्चार चुकला म्हणून ते मला पत्र पाठवतील. गोष्ट एवढीच, की इस्मा नावाची मीठ विकणाऱ्याची मुलगी हातात एक दिवा घेऊन गोठलेला समुद्र एकटी ओलांडते आणि पलीकडच्या अंधाऱ्या राज्यात उजेड नेते. पुस्तकात जादूगार आहेत, शाप आहेत, बर्फाखाली झोपलेला एक ड्रॅगन आहे. मी हे पुस्तक वाचलेलं नाही. मी नुसता सिनेमा पाहिला आणि रडले. पांढरीपांड्यांच्या लेखी हा गुन्हा आहे, आणि मला त्याचा बिलकुल पश्चात्ताप नाही.

नऊशे पानांशी त्यांची गाठ पडली ती दोन हजार एकच्या हिवाळ्यात. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेल्या होत्या. परतताना व्हिसाचा शिक्का अडकला. 'चौकशी चालू आहे' एवढंच उत्तर मिळत राहिलं आणि त्यात आठ महिने गेले. इकडे घरात पांढरीपांडे आणि सहा वर्षांची केतकी. त्यांना वरण-भाताखेरीज काही येत नव्हतं आणि केतकीला वेणी स्वतःची स्वतः घालता येत नव्हती. जेवण झालं, की ते ही कादंबरी उघडायचे आणि एकेक पान इंग्रजीत वाचून तिला मराठीत सांगायचे. सगळं पुस्तक तिने असं बापाच्या मराठीतून ऐकलं.

आता केतकी तेरा वर्षांची आहे. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचं. शाळा कशी झाली, फाइन. जेवायला काय करू, व्हॉटेव्हर. मात्र या पुस्तकाचा विषय निघाला, की ती कानातल्या वायरी काढून भांडायला बसते. एकदा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पांढरीपांडे डब्याकडे बघत म्हणाले, "मेधाताई, या पुस्तकाशिवाय आमच्या दोघांमध्ये बोलायला काही उरलं नाही. हेही संपलं, तर मी काय करू?" मी काहीतरी विनोद केला. त्यांनी तो ऐकला नाही.

आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी या कादंबरीचे भक्त जमतात. गॅरी नावाचे निवृत्त फिजिक्सचे मास्तर अध्यक्ष आहेत. स्वतः शिवलेले झगे घालून येणाऱ्या दोघी बहिणी आहेत, आणखी पाचसहा जण आहेत. पांढरीपांडे केतकीला घेऊन नेमाने जातात. मी जाते ती भांडण बघायला. गेल्या ऑक्टोबरात सिनेमा आला आणि भांडणाला नुसता ऊत आला.

गॅरी सिनेमाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, नऊशे पानं जशीच्या तशी दाखवायची तर वीस तास लागतील.

"मग लावा वीस तास," पांढरीपांडे म्हणाले. "आम्ही डबा घेऊन येऊ."

"सिनेमा ही वेगळी कला आहे."

"मग नाव वेगळं ठेवा. काहून आमच्या पुस्तकाचं नाव लावून राहिले?"

यातलं 'काहून' ते इंग्रजी वाक्यातही वापरतात आणि गॅरींना ते आता कळतं. ड्रॅगनवरून तर तासभर जुंपली. पुस्तकात तो शेवटपर्यंत झोपलेला असतो, नुसता बर्फाखाली श्वास ऐकू येतो. सिनेमात त्याला उठवून वीस मिनिटं आकाशात उडवलाय. पांढरीपांडे म्हणाले, "झोपला होता तेव्हा भीती वाटत होती. उठवला, आणि सगळी भीती पळून गेली बाप्पा." मला ड्रॅगन आवडला होता, पण या एका बाबतीत त्यांचं खरं असावं.

या मंडळाचा एकमेव नियम पांढरीपांड्यांनीच केला होता आणि तो फळ्यावर त्यांच्याच अक्षरात कायमचा लिहिलेला होता. 'सिनेमात अमुक गाळलं' असं म्हणायचं असेल, तर पुस्तकातलं पान सांगितलं पाहिजे. दोघींतल्या धाकट्या बहिणीने एकदा कुठलीशी लढाई गाळली म्हणून तक्रार केली. यांनी तिला चाळीस मिनिटं पुस्तक चाळायला लावलं. लढाई निघाली व्हिडिओ गेममधली. ती पुढचे दोन महिने आली नाही. मी म्हटलं, "अहो, जाऊ द्यायचं होतं." तर म्हणाले, "आज एक लढाई जाऊ दिली, तर उद्या पुस्तकात काय होतं हेच कुणाला कळणार नाही."

जानेवारीची बैठक होती. बाहेर बर्फ साचलेला. विषय निघाला इस्माच्या चालण्याचा. पुस्तकात ती गोठलेल्या समुद्रावरून सात रात्री चालते. सिनेमात ते दोन मिनिटांत, संगीत लावून उरकलंय. पांढरीपांडे कागदाच्या पट्ट्या लावलेलं पुस्तक घेऊन उठणार, तेवढ्यात केतकी बोलली. वर्षभरात ती सगळ्यांसमोर पहिल्यांदाच बोलत होती. बोलली इंग्रजीत, मी मराठीत सांगते.

"दोन मिनिटं तर दोन मिनिटं. पण बर्फावरच्या झोपडीतली ती बाई कशी काय काढून टाकली? अख्ख्या पुस्तकात ती बेस्ट आहे."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कुठली बाई?" गॅरींनी विचारलं.

"झोपडीतली. इस्माचे हात शेकते ती. तिला जेवायला घालते."

गॅरींनी आपलं पुस्तक पुढे-मागे चाळलं. माणूस वाईट नाही. पण नियम फळ्यावर होता. "केतकी, पान?" ते हळूच म्हणाले.

तिने बापाच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. ते तिने स्वतः कधी वाचलंच नव्हतं. वाचायची गरज काय, सगळं पाठ होतं. पहिली रात्र, दुसरी रात्र, सातवी रात्र. झोपडी नाही. ती पुन्हा पहिल्या रात्रीपाशी गेली. कान लाल झाले होते. मग तिने वर बघितलं आणि "बाबा?" म्हणाली.

मी पांढरीपांड्यांकडे पाहिलं. कंपनीचा सगळा डेटाबेस एकदा दुपारभर बंद पडला होता, तेव्हाही या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. आता मात्र चेहरा उतरला होता. सुटका सोपी होती. लहान होती, गोंधळ झाला असेल, एवढं म्हटलं की काम भागलं. नियम राहिला, अब्रू राहिली. मी असते तर तेच केलं असतं. आणि घरी जाताना केतकीने कानात वायरी घातल्या असत्या, त्या पुन्हा या विषयावर निघाल्या नसत्या.

पांढरीपांडे उभे राहिले.

"पुस्तकात नाही," ते म्हणाले. "ती बाई मी घातली."

गॅरींना हसू आवरलं नाही. "तुम्ही? स्वल्पविराम हलला तरी भांडणारे तुम्ही?"

"हो, मी. अकरा वेळा वाचलं हे पुस्तक. अकराही वेळा ती पोरगी सात रात्री एकटी चालते. लेखकाचं चुकलं. माझी मुलगी सहा वर्षांची होती. तिची आई सातासमुद्रापलीकडे अडकली होती. केव्हा येईल, ते कुणी सांगत नव्हतं. आणि ही मला विचारत होती, बाबा, इस्माला कोणीच भेटत नाही का? मी पुढचं वाचलेलं होतं. कोणी भेटत नाही, असं मी तिला सांगणार नव्हतो. आजही सांगणार नाही. मला याची लाज वाटत नाही, आणि मी माफी मागणार नाही."

मग फळ्याकडे बोट करून म्हणाले, "नियम तुम्हा सगळ्यांसाठी आहे तसाच राहील."

धाकट्या बहिणीने, जिची लढाई यांनी नामंजूर केली होती तिनेच, झगा सावरत विचारलं, "झोपडीत पुढे काय होतं?"

पांढरीपांड्यांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडकले. ती झोपडी इंग्रजीत कधी बांधलीच नव्हती. शेवटी त्यांनी सरळ मराठीत सांगायला घेतलं. केतकी शेजारी येऊन उभी राहिली आणि एकेक वाक्य इंग्रजीत करून खोलीला देऊ लागली.

"मग त्या बाईने तिला चुलीपाशी बसवलं आणि ताट वाढलं," पांढरीपांडे म्हणाले.

"बाबा, तू गाळलंस," केतकी म्हणाली. मराठीत. "आधी ती इस्माच्या केसांतला बर्फ काढते. मग वेणी घालते. घट्ट. आणि इस्मा रडायला लागते, तेव्हा ती म्हणते, आधी जेव, मग रड."

हे वाक्य मी ओळखलं. ते सुनंदावहिनींचं आहे. माझं प्रमोशन हुकलं, तेव्हा त्यांनी मलाही पोळी वाढत हेच सुनावलं होतं. केतकीने ते वाक्य इंग्रजीत सांगितलं आणि गॅरी चष्मा पुसत बसले.

बैठक संपली. पार्किंगमध्ये पांढरीपांडे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. केतकी आत हीटर लावून बसली होती. मला मनातलं बोलता येत नाही, म्हणून मी म्हटलं, "सात रात्रींतली एक रात्र सुखाची केलीत. बरं केलंत."

"एक रात्र कुठली," ते म्हणाले. खरवडणं थांबलं नव्हतं. "तसंच ठरवलं होतं. सकाळी इस्मा निघणार. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं आणि म्हटलं, वादळ आलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, त्या बाईला ताप आला, तिला एकटं कसं सोडायचं. असे तीन आठवडे काढले. शेवटी केतकीच म्हणाली, बाबा, आता जाऊ दे तिला, तिकडे सगळे अंधारात बसलेत."

काच केव्हाच साफ झाली होती. ते तरी हात चालवत होते.

"पोरगी तयार होती, मेधाताई. माझाच पाय निघत नव्हता तिथून."