खांबाचे साहित्य: जावई

दिनकरराव बेलसरे यांनी कार्बन फायबरचा जावई वरच्या मजल्याखाली खांब म्हणून उभा केला. चूक सर्वस्वी त्यांची.

कौस्तुभ कार्बन फायबरचा आहे हे लग्न ठरतानाच सांगितलं होतं. वजन अकरा किलो. रुतलेली उसाची ट्रॉली त्यानं कमरेला दोर बांधून एकट्यानं ओढून काढली, तेव्हा सासऱ्यांनी गावभर पेढे वाटले. पुढे मजला चढवताना मधला खांब गाडी वळवायच्या आड आला. जावई अंगानं बारीक. नगरपालिकेच्या अर्जात 'खांबाचे साहित्य' या रकान्यात दिनकररावांनी 'जावई' लिहिलं. मंजुरी आली.

कौस्तुभची बायको अनघा हिनं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं. पण तिथवरचं तिला येत होतं.

"बाबा, ह्यांना ताण चालतो, दाब नाही. ओढलं की आतले धागे सरळ होतात. दाबलं की एक कलतो, शेजारचा त्याच्यासोबत कलतो, मग अख्खी रांग आडवी. जावयाला मान द्यायचा असतो, मानेवर मजला नाही!"

"आधी पदवी घे, माझ्या वयाची हो, मग मला शिकव."

मुद्दा संपला की म्हातारे वय नाहीतर पदवी काढतात. दिनकररावांनी दोन्ही काढलं.

चौथ्या दिवशी कौस्तुभच्या अंगातून चट्‌ चट्‌ आवाज येऊ लागला.

"अहो, दुखतंय का?"

"दुखत नाही गं. आत काहीतरी तुटतंय, एवढंच."

दिनकरराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, "नवीन आहे, मुरतोय. लोणचं नाही का मुरत? आवाज थांबेल."

आवाज शनिवारी दुपारी थांबला. लोखंड आधी वाकून दाखवतं. कौस्तुभ वाकला नाही. मांडीवर एक तिरकी रेघ उमटली आणि तो दोन झाला.

खाली गाडी पुसत असलेल्या दिनकररावांच्या खांद्यावर मजला आला आणि थांबला. हाडामांसाचा माणूस वाकतो, म्हणून ते टिकले.

"अनघा, धर गं! बघतेस काय?"

"माझ्याकडे पदवी नाही, बाबा."

तिचे हातही मोकळे नव्हते. दोन्ही तुकडे मिळून अकराच किलो भरले. तिनं नवऱ्याला एका खेपेत बाहेर नेलं आणि ती परत आली नाही.

नगरपालिकेनं रकान्यात दुरुस्ती केली: 'सासरे'. दिनकरराव आता तिथेच जेवतात. ते पाच फूट आठ इंच होते, आता पाच फूट पाच आहेत.