कोयती, आकडी आणि वॉटरफर्ड

माझे वडील जे काम सेहेचाळीस वर्षं करत आले, ते मी तासाभरात उरकून न्याहारीला घरी येईन, असं मी शुक्रवारी संध्याकाळी मिसेस बंडींना कुंपणापलीकडून सांगितलं. वर हसलेही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या गुलाबाची एक फांदी खाटकन छाटली आणि म्हणाल्या, "वह्या वाचून फांद्या पडत नाहीत, फिलिपा."

काम तसं फार मोठं नव्हतं. जंगलात जायचं आणि एक वाळलेली फांदी घेऊन यायची.

आमच्या टॉलकोममध्ये मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लाकडाची सकाळ असते. गावातल्या जुन्या घरांना जंगलातलं मेलेलं लाकूड नेण्याचा हक्क आहे, आणि तो वर्षातून एकदा वापरला नाही तर जातो. उजाडल्यापासून आठच्या घंटेपर्यंत घरटी एका माणसानं जायचं, आपल्या उंचीपेक्षा लांब असं सुकं लाकूड झाडावरून उतरवायचं आणि खांद्यावरून चर्चच्या ओसरीत आणून टाकायचं. कुऱ्हाड नाही, करवत नाही, शिडी नाही, दोर नाही, झाडावर चढायचं नाही. हत्यारं दोनच: लांब दांड्याची कोयती, नाहीतर मेंढपाळाची आकडी. इंग्रजीत, हुक किंवा क्रुक.

आता सगळ्यांच्या घरी गॅस आहे आणि लाकूड कोणालाच नको असतं. पण चर्चमध्ये एक काळी पाटी टांगलेली आहे. तिच्यावर हक्काच्या घरांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली आहेत. ज्या घराची फांदी आली नाही, त्याच्या नावावरून रेघ मारतात. चौसष्ट नावांतली अकरा उरली आहेत. 'घर चार, पार्फिट' हे त्यातलं एक. वडील फेब्रुवारीत गेले. मे महिन्यात त्यांच्या नावावर रेघ पडलेली मला बघायची नव्हती. एवढीच गोष्ट होती.

शिवाय माझी तयारी जय्यत होती. वडिलांनी आयुष्यभर एकाच वाक्प्रचाराचा पाठपुरावा केला. लोक चहाच्या पेल्यावर क्रिकेटबद्दल बोलतात तसे ते 'बाय हुक ऑर बाय क्रुक'बद्दल बोलत. त्यांच्या तीन जाडजूड वह्या मी मार्च-एप्रिलमध्ये वाचून काढल्या होत्या. घर आवरायला आले होते. आवरलं काहीच नाही, वह्या मात्र वाचल्या.

त्यांचं म्हणणं असं: आज आपण हे शब्द 'वाटेल ते करून, सरळ नाही तर वाकड्या मार्गाने' अशा अर्थाने वापरतो, पण मुळात त्यांचा रोख अगदी उलटा असावा. जमीनदाराच्या जंगलातून गरिबानं लाकूड न्यायचं ते याच दोन हत्यारांनी, तिसऱ्या कशानेही नाही. म्हणजे आज ज्या शब्दांनी आपण सगळी दारं उघडतो, ते शब्द एके काळी दोनच दारं उघडी ठेवून बाकीची बंद करत होते. हे सिद्ध झालेलं नाही, आणि जाणकार यावर मान डोलावत नाहीत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. जुन्यातल्या जुन्या लिखाणातही 'कसंही करून' हाच अर्थ लागतो, अशी कबुली एका समासात होती. पण ती पेन्सिलीने.

बाकीच्या उपपत्तींचा त्यांनी शाईने समाचार घेतला होता. हुक आणि क्रुक नावाचे दोन न्यायाधीश होते म्हणे. हा वाक्प्रचार त्यांच्या जन्माआधीपासून चालू आहे. आयर्लंडमध्ये वॉटरफर्डच्या खाडीला एका बाजूला हुक आणि दुसऱ्या बाजूला क्रुक नावाची जागा आहे, आणि एका इंग्रज सेनापतीनं 'हुककडून नाहीतर क्रुककडून, वॉटरफर्ड घेईनच' अशी प्रतिज्ञा केली म्हणे. हे शब्द त्या सेनापतीच्या आधी अडीचशे वर्षं कागदावर सापडतात. वॉटरफर्डवर त्यांनी नऊ पानं खर्च केली होती, कारण शेजारच्या मिसेस ऑलिव्ह बंडींच्या आई वॉटरफर्डच्या होत्या.

फक्त एक गोष्ट मला कळली नव्हती. दुसऱ्या वहीत, मे १९८९ या तारखेखाली, कोऱ्या पानावर एकच ओळ होती: 'वॉटरफर्डचा पुन्हा विचार करणे.' पुढच्या पानापासून वॉटरफर्डची टवाळी पूर्ववत सुरू. हे मधलं पान कशासाठी?

शनिवारी सहा वाजता मी वडिलांचा कोट घातला, त्यांची आकडी घेतली आणि निघाले. ती आकडी त्यांनी स्वतः याच जंगलातल्या हेझलच्या लाकडाची केली होती. माझ्यापेक्षा हातभर उंच, वरचं टोक बदकाच्या मानेसारखं वळलेलं. जंगलाच्या तोंडाशी सिरिल स्नूक घडीच्या स्टुलावर बसले होते. ते या सकाळचे पंच. डोक्यावर उंच हॅट, मांडीवर नोंदवही, हातात समारंभाची कोयती: तिचा दांडा झेंड्याच्या काठीएवढा आणि त्याला हिरवी फीत बांधलेली. मी चार वर्षांची असल्यापासून ते मला पिप म्हणतात.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"सिरिल, मी पिप."

"आज मी ड्युटीवर आहे. नाव?"

"फिलिपा पार्फिट. घर चार."

"हत्यार?"

"आकडी."

त्यांनी ते लिहिलं, मग आकडीकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "जा. सांभाळून."

फांदी शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. सगळं जंगल पोपटी झालं होतं आणि तळ्याकाठचं एक अ‍ॅशचं झाड मात्र पार बोडकं उभं होतं. गेल्या काही वर्षांत रोगानं आमच्याकडची निम्मी अ‍ॅशची झाडं गेली. आणखी एक गेलं, असं मनाशी म्हणत मी आकडी एका छान सरळ फांदीत अडकवली आणि लोंबकळले.

फांदी खाली आली. मोडली मात्र नाही. वाकली, आणखी वाकली, मला गुडघ्यांवर येऊ दिलं, आणि माझा हात निसटताच चाबकासारखी उसळून परत गेली. सोबत आकडीही गेली. वर एका बेचक्यात जाऊन ती अशी आडवी विसावली, की जणू तिथेच वाढली होती.

मी उडी मारून पाहिलं. उडी मारणारी बावन्न वर्षांची बाई आणि आकडी यांच्यात सहा फुटांचं अंतर उरत होतं.

"तासाभरात न्याहारीला येणार होतीस ना?" मागून आवाज आला.

मिसेस बंडी पायवाटेवर उभ्या होत्या. वय एक्याऐंशी, उंची पावणेपाच फूट, खांद्यावर त्यांच्याहून उंच कोयती. त्यांची फांदी हिवाळ्यातच हेरून ठेवलेली असते, त्यामुळे त्या सकाळी फिरायला निघाल्यासारख्या येतात.

"मिसेस बंडी, तुमची कोयती जरा द्याल? दुसऱ्याची वापरू नये असा नियम नाही."

"नियम मला माहीत आहेत. कोयती देते. आधी म्हण, वॉटरफर्ड."

"काय?"

"हुक आणि क्रुक वॉटरफर्डचे. एवढं म्हण."

"डॅडनी त्यावर नऊ पानं लिहिली आहेत."

"म्हणून तर विचारते. तीस-पस्तीस वर्षं त्या माणसानं मला कुंपणावरून इतिहास शिकवला. आता तो नाही. कोणीतरी म्हणायला पाहिजे."

सहा चाळीस झाले होते. मी झाडाकडे पाहिलं. पाटीवरचं नाव मोठं की नऊ पानं? हा प्रश्न मला कुठल्याही वहीत भेटला नव्हता.

"वॉटरफर्ड," मी झाडाकडे बघतच म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"वॉटरफर्ड, मिसेस बंडी."

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या आणि कोयती माझ्या हातात दिली.

कोयतीनं आकडी ओढण्याऐवजी मी पुन्हा फांदीलाच हात घातला. फांदी पडली की आकडी आपोआप पडेल, हा माझा हिशेब. मिसेस बंडींनी मागून माझ्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही दोघी मिळून ओढू लागलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोन बायका जंगलातून गाय घरी नेताहेत आणि गायीचा विचार वेगळा आहे. फांदी वाकली. पातं रुतलं. मिसेस बंडी म्हणाल्या, "आता जोर लाव." मी जोर लावला, दांडा हातातून सुटला, आम्ही दोघी मागच्या चिखलात बसलो आणि कोयती वर आकडीच्या शेजारी जाऊन थांबली. तिचा दांडा तेवढा खाली लोंबत राहिला.

मिसेस बंडींनी हातांचा चिखल झटकला आणि वर पाहिलं.

"मी माझी फांदी अजून उतरवलेली नाही," मिसेस बंडी म्हणाल्या.

पाटीवर 'घर सात, बंडी' हेही एक नाव आहे. म्हणजे आता दोन नावं लटकली होती, आणि ती मी लटकवली होती.

आमचा आवाज ऐकून सिरिल आले, स्टूल काखोटीला मारून. त्यांनी वर पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"मिस पार्फिट, तुम्ही कशाला ओढताय ते ठाऊक आहे?"

"मेलेल्या अ‍ॅशला."

"अ‍ॅशला पालवी सगळ्यांत उशिरा येते. त्या काळ्या कळ्या बघ, उकलायला लागल्यात. झाड ठणठणीत आहे, पिप." ड्युटी विसरून ते पिप म्हणाले, तेव्हाच प्रकरण गंभीर असल्याचं मला कळलं. "जिवंत फांदी मोडली तर नियम सातवा. घर त्याच क्षणी बाद. आणि हात तर दोघींनी लावलाय."

तासभर मी जी फांदी पडावी म्हणून जीव टाकत होते, ती आता पडू नये म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले. वडिलांना हे कळलं असतं. त्यांना कळी बघून झाड ओळखता यायचं. मला त्यांचं अक्षर तेवढं ओळखता येत होतं.

सात पस्तीस. घरी जाऊन दुसरं हत्यार आणायला वेळ नव्हता. बाकीचे लोक आपापल्या फांद्या घेऊन ओसरीकडे निघून गेले होते. मी वर बघत राहिले. हिरव्या-काळ्या कळ्यांमध्ये वडिलांची आकडी: करडी, गुळगुळीत, माझ्या उंचीहून हातभर लांब. आणि मला एक प्रश्न पडला.

"सिरिल, नियमात 'फांदी' असा शब्द आहे की 'लाकूड'?"

त्यांनी नोंदवहीचं पहिलं पान काढलं. "मेलेलं लाकूड. आणणाऱ्याच्या उंचीहून लांब. झाडावरून कोयतीनं किंवा आकडीनं उतरवलेलं."

"त्या झाडालाच आलेलं असलं पाहिजे?"

"तसं लिहिलेलं..." ते थांबले. त्यांची नजर माझ्या नजरेमागून वर गेली. "नाही. नाही हं पिप. ते हत्यार आहे."

"हेझल आहे ते," मिसेस बंडी म्हणाल्या. त्या माझ्या आधीच मुद्द्यावर पोचल्या होत्या. "याच जंगलातलं. हिच्या बापानं, डेनिसनं, माझ्यासमोर तोडलं, वीस वर्षं झाली. याहून मेलेलं लाकूड तुला कुठे मिळणार आहे?"

"उतरवणार कशानं पण?"

आम्ही दोघींनी त्यांच्या हातातल्या हिरव्या फितीकडे पाहिलं.

"ही समारंभाची आहे," सिरिल म्हणाले. "माझ्या आधीच्या पंचांनी सोपवली तेव्हापासून हिनं पान तोडलेलं नाही."

"मग आज झाडाची ओळख होऊ दे तिला," मिसेस बंडी म्हणाल्या. "दे, सिरिल. नाहीतर त्या उन्हाळी जत्रेतल्या भोपळ्याची गोष्ट मी ओसरीत सांगेन."

भोपळ्याचं काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. कोयती मात्र लगेच माझ्या हातात आली.

मी ती उंचावली, पात्याचं टोक आकडीच्या मानेत घातलं आणि अलगद खेचलं. वडिलांची आकडी बेचक्यातून सुटली आणि माझ्या पायाशी येऊन पडली. मग तीच उचलून मी मिसेस बंडींच्या हातात दिली, कारण घर सातचं लाकूड घर सातनंच उतरवायला हवं. पण त्यांचा हात पुरेना. शेवटी पंच महाशयांनी आपलं घडीचं स्टूल मांडलं. स्टूल म्हणजे शिडी नव्हे, हा निर्णय त्यांनी तिथल्या तिथे दिला आणि निर्णयाबरोबर स्टूलही घट्ट धरून ठेवलं. मिसेस बंडींनी आपली कोयती पहिल्या हिसक्याला खाली आणली. फांदी हलली, आणि आपल्या जागी राहिली.

आठला चार मिनिटं असताना आम्ही दोघी खांद्यावर आपापली हत्यारं घेऊन ओसरीत शिरलो. बाकी नऊ फांद्यांच्या रांगेत ती दोन हत्यारं ठेवली, तेव्हा लोकांनी आमच्याकडे पाहिलं, मग सिरिलकडे पाहिलं. सिरिल हॅटच्या सावलीत नोंदवही लिहीत होते: घर चार, कोयतीने. घर सात, आकडीने. घंटा झाली. पाटीवर त्या दिवशी रेघ पडली नाही.

त्यानंतर सभागृहात चहा आणि बेकन-पाव असतो. मी मिसेस बंडींच्या शेजारी बसले. माझ्या गुडघ्यांवर चिखल होता आणि मन खट्टू होतं. जे शब्द म्हणजे दोन हत्यारं आणि बाकी काही नाही, असं वडील आयुष्यभर सांगत आले, त्यांचं नाव राखायला मी त्याच शब्दांचा आजचा अर्थ वापरला होता. सरळ नाही तर वाकडा.

"त्यांना हे आवडलं नसतं," मी म्हणाले.

"कोणाला, डेनिसला?" मिसेस बंडींनी पाव खाली ठेवला. "एकोणनव्वद साली त्याची आकडी अशीच वर जाऊन बसली होती. तू तेव्हा कॉलेजात होतीस. सिरिल यायच्या आत माझ्या दारात आला, शिडी मागायला."

"शिडी?"

"शिडी. नियम तिसरा. मी दिली."

"तशीच?"

"तशीच कशाला देईन? आधी म्हणायला लावलं." त्यांनी माझ्या चहात न विचारता दोन चमचे साखर टाकली. वडीलही तेवढीच घेत. "तुझ्याहून लवकर म्हणाला तो. आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं कानांवर हात ठेवले."

घरी येऊन मी दुसरी वही काढली. मे १९८९. 'वॉटरफर्डचा पुन्हा विचार करणे.' खाली सगळं पान कोरं होतं.

मी पेन घेतलं, त्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं: 'केला.'

पेन्सिलीने.