बिनबटणाचा भोंगा

"इंजिनिअर पुस्तकातून घडत नाही, तो हातातून घडतो," असं प्रभाकर टिकेकर सरांनी अठ्ठ्याहत्तर साली निगडीच्या एका तंत्रनिकेतनात जाहीर केलं, तेव्हा टाळ्या पडल्या. सरांच्या घरचा फ्यूज गेला की त्यांच्या पत्नी मृदुलाताई शेजाऱ्यांना हाक मारत, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

प्राचार्य अण्णासाहेब म्हणाले, "एक प्रकल्प करून दाखवा. नाही जमला तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा वहीत नोट्स."

शेवटच्या वर्षाच्या शैलाने आणि तिच्या तीन वर्गमित्रांनी शेजारच्या कामगार वसाहतीच्या पाण्याच्या टाकीसाठी यंत्र केलं. टाकी भरली की भोंगा वाजणार. भोंगा भंगारात मिळाला, तोही एका कंपनीने काढून टाकलेला.

"सर, बंद करायचं बटण कुठे बसवू?" शैलाने विचारलं.

"स्वयंचलित यंत्राला बटण? त्याचा अपमान होईल."

शनिवारी दुपारी दीड वाजता, अण्णासाहेबांच्या देखत, टाकी भरली आणि भोंगा वाजला. पहिला नातू झाल्यासारखा सरांचा चेहरा उजळला. मग टाकीचं पाणी सोडून दिलं, तरी भोंगा वाजतच राहिला. आतला तरंगता डबा वरच अडकला होता.

आता, त्या वसाहतीत घड्याळं भिंतीवर शोभेला असत. माणसं भोंग्यावर जगत. कंपनीचा सेकंड शिफ्टचा भोंगा अडीचला होई. तो दीडला झाला म्हटल्यावर लोकांनी घड्याळं तासभर पुढे केली आणि ताटावरून उठून धावत सुटले. एकजण अर्ध्या दाढीनिशी निघाला.

सर शिडीवर उभे राहून आकृती वाचत होते. "शैला, हा बंद कसा होतो?"

"टाकी रिकामी झाली की, सर."

"ती झाली."

"मग बटणाने, सर."

इतक्यात जेवणाचा डबा काखेत मारून पळणारे ज्योतीराम फिटर थबकले. "कोन वाजवतंय ह्यो?"

"आमचा प्रकल्प आहे," सर ओरडले.

"व्हय का? मला वाटलं, कंपनीच हिकडं आली."

त्यांनी तारेचा माग काढत खांब गाठला आणि फ्यूज उपसला. सगळीकडे सामसूम झाली. मग त्यांनी चौघा पोरांना टाकीवर चढवलं. स्वतः खाली उभे. "मी सोडवनार न्हाई. कुठं घासतंय, बोट फिरवून बघा." दोनदा खोललं, दोनदा बसवलं, तेव्हा डबा मोकळा झाला. चौघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

"आन् ध्यानात ठेवा. यंत्र आपलं आपण चालू झालं तरी चालतंय. बंद कराया मान्साचा हात पोचला पायजे."

अण्णासाहेब खाकरले. "टिकेकर, हे तुमच्या नोट्समध्ये आहे?"

"नाही, सर."

"माझ्याही नव्हतं, वीस वर्षं. प्रकल्प चालू ठेवा. यांना विचारून."

टिकेकर सरांचे डोळे भरून आले. शिडीवरून उतरून त्यांनी ज्योतीरामांचा ग्रीस लागलेला हात दोन्ही हातांत घेतला. "ज्योतीराम, या मुलांच्या वतीने, तंत्रनिकेतनाच्या वतीने, किंबहुना समस्त शिक्षणक्षेत्राच्या वतीने..."

"सर," ज्योतीराम हळूच म्हणाले, "आभार नंतर माना. आता जरा गप ऱ्हावा. अडीचचा खरा भोंगा व्हायचाय, तेवढा ऐकू येऊ द्या."