मोजणीदार काका आणि पाण्यातली टेकडी

आमच्या शेजारचे मोजणीदार काका रस्त्याने चालत असले की त्यांना कुणी नमस्कार करत नाही. केला तर त्यांची पावलं चुकतात आणि ते मागे जाऊन पहिल्यापासून मोजतात. आमच्या फाटकापासून दुधाच्या दुकानापर्यंत चारशे बारा पावलं आहेत, हे नांदेडात फक्त दोघांना माहीत आहे: त्यांना आणि नाइलाजाने मला.

भूमी अभिलेख खात्यात त्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. त्यातून एकच शब्द त्यांनी घरी आणला, मोका, म्हणजे प्रत्यक्ष जागा. "मोका पाहिल्याबिगर बोलायचं न्हाई, ताई." एकदा मी म्हणाले, आज वरणात मीठ जास्त झालंय. ते चमचा घेऊनच आले. "मोका पाहू." पाहिला, आणखी एक वाटी मागून पाहिला आणि निकाल दिला, "मीठ बराबर हाय. तुमचा भात कमी हाय."

एकदा मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं की हदगावकडे धरणाच्या पाण्यात एक बेट आहे, त्यावर लहानसं बुद्धविहार आहे आणि रविवारी लोक नावेने जाऊन तिथे ध्यानाला बसतात. संध्याकाळी मी काकांना ते सांगितलं.

"हदगाव तालुक्यात बेट? उगं काहीतरी. नकाशात न्हाई."

"गाव बुडलं, टेकडी तेवढी वर राहिली म्हणे."

"गावाचं नाव?"

"टेंभुरदरा."

काका बराच वेळ फाटकाची कडी खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "रविवारी स्कुटी काढा. मोका पाहू."

धरणावरची नाव एका भोयाची होती. काका दोन्ही हातांनी काठ धरून बसले. पण मध्यावर आल्यावर एक हात सुटला आणि ते पाण्याकडे बोट दाखवू लागले. "इथं चावडी. ते तिकडं पिठाची गिरणी. इथून मारोतीचं देऊळ, ऐंशी पावलं."

भोई वल्हं थांबवून त्यांच्याकडे पाहू लागला. मीही पाहत होते. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "धरणासाठी हे गाव मीच मोजलं, ताई. तीसेक वर्षं झाली. लोक घरासमोर उभं राहून बघायचे अन् मी टेप धरायचो. परत इकडं फिरकलो न्हाई."

टेकडीवर पत्र्याचं विहार, पिंपळाचं झाड, निळ्या दारावर पंचशील ध्वज. आत दहाबारा माणसं सतरंजीवर बसलेली. भंतेजी हळू आवाजात म्हणाले, श्वास येतोय, जातोय, नुसतं पाहायचं.

"मोका पाहा म्हनतेत," काका माझ्या कानाशी पुटपुटले. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने पुन्हा कानाशी, "बावीस बाय पंधरा. पत्रा बदलायला झालाय." भंतेजी डोळे मिटूनच हसले. त्यानंतर मात्र काकांनीही डोळे मिटले.

ध्यान संपल्यावर पांढऱ्या लुगड्यातल्या एक म्हातारबाई सगळ्यांना पाणी देत आल्या. सुभद्राबाई. "जयभीम. कुठले पाहुणे?"

काका उठून उभे राहिले. "मी मोजणीदार. तुमचं गाव पाण्यात घालायला टेप धरून आलतो, तो मीच." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. शिव्या खायला आलेला माणूस उभा राहतो तसे ते उभे होते.

सुभद्राबाईंनी तांब्या खाली ठेवला. जवळ येऊन त्यांचा चेहरा निरखला.

"टोपीवाले साहेब? तवा लई बारीक होता तुम्ही!" मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "बाकीचे साहेब चावडीवर बसून कागद करायचे. आमच्या वस्तीत हे एकटेच आले. घरोघर आले. माझी शेळी बांधायची खोपटीबी मोजली अन् लिवली. माझ्या हातचं पाणी पिले. म्हणून नव्या गावठाणात आम्हाला जागा भेटली, न्हाई तर कोण ईचारत होतं?"

"म्या फक्त माप घेतलं, बाई."

"अन् ही टेकडी? बुद्धाची मूर्ती कुठं न्यावी म्हणून आम्ही रडून राहिलो होतो. तुम्हीच म्हणाले, मावशी, वर न्हेऊन ठेवा, तिथं पाणी चढत न्हाई. याद न्हाई?"

काकांना आठवत नव्हतं. तीस वर्षं त्यांनी बुडालेलं तेवढं लक्षात ठेवलं होतं. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, उपरण्याने तोंड पुसलं आणि तिथेच खाली बसले. सुभद्राबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

आता ते दर रविवारी जातात. पत्रा बदलायला त्यांनीच पुढाकार घेतला. मागच्या रविवारी मला परीक्षेचं काम होतं, म्हणून ते एसटीने एकटेच गेले. संध्याकाळी माझ्या दारात आले आणि फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी अन् ठेचा पुढे केला.

"सुभद्राबाईनं दिलं. साहेबाला आणणाऱ्या ताईला द्या म्हणली."

खरं तर आभार मी काकांचे मानायचे. ते बेट मला त्यांच्यामुळे दिसलं. मी तसं म्हणालेही. पण काकांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या हातात तसंच आणखी एक गाठोडं होतं आणि ते त्यांनी छातीशी धरलं होतं.

"तुमची काकू गेल्यापासून," ते म्हणाले, "मला कुणी बांधून दिलं नव्हतं, ताई."