म्हाळूआप्पाची दुर्बीण

निमोण्याचा म्हाळूआप्पा कान धरल्याशिवाय कुणाशी बोलायचा नाही. आधी हात तांब्यात बुडवायचा, धोतराला पुसायचा आणि गार बोटांत समोरच्याच्या कानाची पाळी धरायचा. मेंढराचा ताप असाच बघतात. मेंढरं विकून शेती धरली, तरी खोड गेली नाही. एकदा शिरूरहून आलेल्या साहेबाचा कान धरून म्हणाला, "सायेब, अंगात कसर हाय, ताप चढंल. आज कशावर सही करू नगा."

मी त्याचा शेजारी, बरोबरीचा. तिसरीपर्यंतच शिकलो, तरी डेअरीवर पेपर मीच वाचायचो. अक्षराला अक्षर लावून, पण छापलंय तेच. त्याचा मला गर्व होता.

एका सकाळी वाचलं, की अमेरिकावाले आभाळात दुर्बीण सोडणार. ती म्हणे ताऱ्यांची ऊब बघणार, लांबलांबच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या ताऱ्यांची. आणि ती ऊब कळावी म्हणून दुर्बीण आधी बर्फाहून गार करणार.

आप्पा ताडकन उठला. "म्हंजी त्यांनी बी आधी हात गार केला! ह्यो आमचाच हुन्नर हाय!"

"व्हय, आभाळाचा कान धरायला तुलाच बोलावत्यात," मी म्हणालो. डेअरी हसली.

तेव्हापासून रोज एकच. "नाना, यंत्राचं काय?" उन्हाळ्यात उडायचं होतं, उडेना. दर वेळी मी 'पुढं ढकललं' असं वाचायचो आणि आप्पा खुशीत सगळ्यांना गूळ वाटायचा.

"आरं, उडलं न्हाई म्हणून गूळ? डोस्कं फिरलं का तुझं?" एकदा मी भडकलो.

त्यानं मला म्हशींच्या आडोशाला नेलं. त्याची बायको, सरूवहिनी, अंथरुणाला खिळली होती. दौंडच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिनं औषधाला तोंड मिटलं होतं.

"मी म्हणलं, त्ये यंत्र उडूस्तवर थांब. ती म्हणली, बरं, पण उडल्यावर मला अडवायचं न्हाई." आप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "बोली झालीय, नाना. तवापासून दोन चमचे घेती."

मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

श्रावणात बातमी आलीच. उडालं. पृथ्वीच्या मागं मागं राहत रोज लांब जाणार, परत येणार नाही, असंही छापलं होतं. मी दोनदा वाचलं. आप्पा त्या दिवशी डेअरीवर आला नव्हता. पेपर काखेत मारून त्याच्या घरी गेलो. तो उंबऱ्यावर बसला होता. आत वहिनी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"वाच, नाना."

मी पेपर उघडला. आणि जन्मात पहिल्यांदा छापलं नव्हतं ते वाचलं.

"पुढं ढकललं."

आप्पाला अक्षर येत नव्हतं. त्यानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग आत वळून मोठ्यानं म्हणाला, "सरू, आयकलंस का? पुढं गेलं गं."

मग त्यानं हात तांब्यात बुडवला, धोतराला पुसला, आत जाऊन तिच्या कानाची पाळी धरली आणि म्हणाला, "गार हाय, नाना."