प्रधानबाईंचं दार

प्रधानबाई दार कधी लगेच लावत नसत. सगळी माणसं आत आली तरी त्या कडीवर हात ठेवून क्षणभर थांबत, अंग चोरून बाजूला होत, कुणाला तरी वाट देत आणि मगच दार लोटत. विचारलं तर म्हणत, "रुको, एक और है."

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत लिफ्टचंही तेच. सकाळी ऑफिसची मंडळी घड्याळं बघत ताटकळायची आणि बाई बटण दाबून उभ्या. "एक और है." कुणी यायचं नाही. तरी आतले सगळे नकळत सरकून एका माणसाची जागा करायचे. आठव्या मजल्यावरचे रिटायर्ड मेजरसाहेब, सीमेवर राहून आलेला माणूस, शेवटी जिन्यानं जायला लागले. गुडघ्यांना व्यायाम म्हणे!

माझी त्यांची ओळख लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली. आम्ही नुकतेच दिल्लीत आलो होतो. समोरच्या दारावर 'प्रधान' पाटी बघून मी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन धावले. दिल्लीत आपलं माणूस! दार उघडलं कालिम्पोंगच्या नेपाळी नेवार बाईंनी. मराठीचा एक शब्द येत नव्हता. आनंदानं आल्या, वाण घेतलं, आणि पुढं मी त्यांच्या घरी गेले तेव्हा माझ्यामागं दार उघडं धरून थांबल्या. माझ्यामागं कुणी नव्हतं.

तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! एम.ए., मानसशास्त्र. चारचौघांत 'अंधश्रद्धा' हा शब्द ठसक्यात उच्चारायची आणि घरी येऊन लेकीची, मुक्ताची, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची. त्याच श्रावणात बाई दारात आल्या. "भाभीजी, मुक्ता को एक दिन के लिए देंगी? हमारी गाईजात्रा है." कुणी नसताना दार धरून थांबणाऱ्या बाईच्या हाती लेक द्यायची? म्हटलं, "उसको सर्दी है." मुक्ता मागच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती.

त्यांनी परत कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर योगायोगानं एकाच बिल्डिंगमध्ये आलो, तरी नाही.

गेल्या वर्षी राखीच्या दोन दिवस आधी मात्र बेल वाजली. "भाभीजी, बच्चों को देंगी?" आता घरात नातवंडं. ओवी सहा वर्षांची, कबीर चार. मी म्हटलं, मीही येते.

राखीच्या दुसऱ्या दिवशी आर. के. पुरमच्या एका हॉलबाहेर नेपाळी मंडळी जमली होती. पोरांना कागदी गाईंचे मुखवटे, शिंगं, गळ्यात घंटा. बाप्ये साड्या नेसून पुढाऱ्यांच्या नकला करत होते. कबीरला काजळाच्या मिशा काढल्या, तो लगेच विदूषक झाला. ओवीला गाय केलं आणि मागं पिवळ्या कापडाचं लांबलचक शेपूट बांधलं. मी खूश. अगदी आपला पोळा!

मिरवणूक निघाली आणि हळूहळू काहीतरी खटकायला लागलं. लोक खो खो हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. प्रत्येक गाईच्या छातीवर कागद, त्यावर एक नाव. ओवीच्या छातीवर 'सानू'. एका म्हाताऱ्यानं खिरीचा द्रोण पुढं केला. "ले, सानू." ओवीनं हात पुढं केले. नाव आपलंच असल्यासारखे.

शेपूट चिखलात लोळत होतं. मी ते पटकन उचललं.

"छोड़ो!" इतक्या वर्षांत प्रधानबाईंचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "उसको पकड़ने दो!"

"किसको?"

मग त्यांनी चालता चालता सांगितलं. वर्षभरात ज्या घरचं कुणी गेलं, त्या घरचं मूल गाय होतं. गेलेलं माणूस तिची शेपटी धरून पलीकडे जातं. सानू त्यांची मुलगी. सहा वर्षांची होती, तापानं गेली, आम्ही समोर राहायला आलो त्याच्या जरा आधी. घरात दुसरं लेकरू नव्हतं. नात्यातलं दिल्लीत कुणी नव्हतं.

"गाय मिली नहीं," त्या म्हणाल्या. "तो मैंने उसको बोला, रुकना. मेरे साथ ही रहना."

मी शेपूट सोडलं. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मुक्ता की सर्दी कैसी है अब?"

 मी शेपटाकडे बघत चालले. ते जमिनीला टेकत नव्हतं. वारा असेल. झाडाचं पान हलत नव्हतं, तरी वाराच असेल. पुढच्या वळणावर ते एकदम खाली पडलं. ओवी मागं न बघता म्हणाली, "आजी, अब हल्का हो गया."

बाई थांबल्या नाहीत. फक्त पदर डोळ्यांना लावला आणि कबीरच्या मिशांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "चलो, भूख लगी."

घरी पोचलो. बाई दोन्ही पोरांना घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि त्यांनी सरळ बटण दाबलं. दार माझ्या नाकासमोर बंद झालं. मी बाहेर, हातात कागदी शिंगं.

खूप हसले. मग दुसरी लिफ्ट आली. रिकामी. मी आत गेले, बटणावर बोट ठेवलं आणि जरा बाजूला सरकले. एम.ए., मानसशास्त्र.

"सानू," मी हळूच म्हटलं, "मुक्ताला सर्दी नव्हती गं."

थोडं थांबले, आणि मग दार लागू दिलं.