बांगड्याचे तुकडे

फ्रीजमध्ये डबा नव्हता. तो मोरीपाशी धुऊन उपडा घातलेला किशोरीला दिसला. आतले बांगड्याचे तुकडे गेले कुठे?

पडवीत पंगत बसली होती. तिच्या भावाला, पियूषला, आपली मुलगी द्यायची की नाही ते ठरवायला हरेश्वरकाका दिघीहून थळला आले होते. किशोरीची आई नीराबाई त्यांच्या ताटात कालवण वाढत होती.

माशाच्या अंगात पेशी कशा रचलेल्या असतात, हे किशोरी प्रयोगशाळेत शोधत होती. जाळ्याचे डोळे नेमाने विणलेले असले तरच जाळं ताण सोसतं, पेशींचंही तसंच. ती रचना बिघडू नये म्हणून तिने तुकडे एका जहाल विषारी औषधात मुरवले आणि घरी येताना डब्यातून सोबत आणले होते. पण कोळ्याच्या घरात मासा दिसला की त्याचं कालवणच व्हायचं!

काकांनी घास उचलला. विष म्हणावं तर सोयरीक मोडणार, गप्प बसावं तर माणूस जाणार.

"काका, थांबा! कालवणात पाल पडलीय!"

घास ताटात पडला. पियूषचा चेहरा पांढराफटक.

"माज्या टोपात पाल?" नीराबाई कडाडली. "डोस्कं फिरलं काय गं तुजं?"

"आमी उठतो," काका म्हणाले.

किशोरी आईच्या कानाशी लागली. "आये, माझ्या डब्यातला बांगडा घातलास ना?"

"त्यो?" नीराबाईला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "त्यो घाणेरडा मासा पावन्यांना घालीन व्हय मी? कोळ्याची पोर आन् शहरातनं असला मासा फसून आनते! चारचौघांत लाज नको म्हून माडाखाली पुरला. ह्यो पापलेट आपल्या बोटीचा हाय!"

किशोरीने एवढे दिवस केलेलं काम मातीत गेलं होतं, पण माणसं वाचली होती.

"मंग पाल कुठली?" काकांनी विचारलं.

आता सुटका नव्हती. तिने सगळं सांगितलं आणि त्याच टोपातलं कालवण वाढून घेऊन सगळ्यांसमोर भुरके मारत खाल्लं. काका तिच्याकडे टक लावून बघत राहिले. शेवटी त्यांनी ताट पुढे ओढलं, ते चाटूनपुसून साफ केलं आणि हात धुतला.

"पोर दिली."

पियूष हसायला लागला, तोच काकांनी बोट वर केलं.

"पन लगीन आमच्या दारात. जेवान आमचा आचारी करील. आन् पंगत उठंपर्यंत ही नवऱ्याची बहीन मांडवाभाईर उभी ऱ्हाईल!"